गुण फळाला नको, नोंदवहीला द्या



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे परसबागेचे प्रकल्प सुरू होतात. "घरी एक बी लावा, वाढवा आणि जानेवारीत दाखवा." मीही सातवीच्या मुलांना बरीच वर्षं हेच सांगत आलो. पण हे प्रकल्प तपासताना आपण एक मोठी चूक करतो, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. आपण फळाला गुण देतो, मुलाने काय पाहिलं त्याला देत नाही.

माझीच चूक सांगतो. एका वर्षी मी वर्गात झुकिनीच्या बिया वाटल्या. जानेवारीत एका मुलाने तीन लांब, चकचकीत झुकिन्या आणल्या. मी त्याला दहापैकी दहा दिले. एका मुलीने मात्र फक्त वही आणली. म्हणाली, "सर, माझ्या झाडाला नुसती फुलंच येतात. आजी म्हणते, झाड वांझ आहे." मी वही न उघडताच चार गुण मांडले.

रात्री सहज वही चाळली आणि लाजलो. तिने लिहिलं होतं, "सकाळी सातला तीन फुलं उघडी. शाळेत निघाले तेव्हा मिटत होती." पुढे एका पानावर, "आज एका फुलाखाली बोटाएवढी झुकिनी आहे. बाकीच्या फुलांखाली नुसता दांडा." आणि चार दिवसांनी, "छोटी झुकिनी टोकाकडून पिवळी पडली आणि गळली. का?"

विचार करा! नरफूल आणि मादीफूल यांतला फरक या मुलीने कुणी न सांगता शोधला होता. परागण झालं नाही की काय होतं, हेही टिपलं होतं. तिच्या त्या "का?"चं उत्तर देणं हे माझं काम होतं. मी तिला चार गुण दिले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "झाड आहे ना अजून?" ती म्हणाली, "नाही सर, काल घरी गेल्यावर उपटून टाकलं."

पुढे कळलं, त्या मुलाचं रोप डिसेंबरातच मेलं होतं. गुण जाऊ नयेत म्हणून वडिलांनी झुकिन्या विकत आणल्या होत्या. मी त्या बापलेकांना दोष देत नाही. फळाशिवाय गुण नाहीत, ही पट्टी मीच लावली होती. मुलीचे गुण मी दुरुस्त केले, पण उपटलेलं झाड काही परत आलं नाही.

झुकिनीच का?

झुकिनी म्हणजे भोपळ्याचीच बहीण. इटालियन भाषेत 'झुक्का' म्हणजे भोपळा आणि 'झुकिनी' म्हणजे छोटे भोपळे. हिचं मूळ मात्र मेक्सिकोकडचं. तिथल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत या जातीच्या लागवडीतल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. भोपळ्याची वेल अंगणभर पसरते, पण झुकिनी झुडपासारखी एका जागी वाढते, म्हणून मोठ्या कुंडीतही जमते. आपल्याकडचा हिवाळा तिला मानवतो. बी लावल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांत फळ धरतं, म्हणजे एका सत्रात सगळं पाहून होतं. बी मिळालं नाही तर काकडी लावा. तिच्यातही नर आणि मादी फुलं वेगळीच असतात.

लावायची कशी?

दीडेक फूट रुंद-खोल कुंडी किंवा जुनी गोणी घ्या. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत. खाली पाणी निघून जायला भोकं हवीत. बी दोन सेंटीमीटर खोल लावा. पाच ते दहा दिवसांत दोन जाड बीजपत्रं वर येतात. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं हिला आवडत नाही, म्हणून बी जागेवरच लावा. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको, नाहीतर रोग लवकर लागतात. काही जातींच्या पानांवर मुळातच चंदेरी ठिपके असतात. ती भुरी नव्हे. बोटाने पुसून पाहा, भुरी पुसली जाते, ठिपके जात नाहीत. विकतचं बी रंगीत असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. मुलांना हात धुवायला लावा.

"नुसती फुलंच येतात"

ही तक्रार दर वर्षी येते. घाबरू नका, झाड वांझ नाही. बहुतेक वेळा नरफुलं आधी येतात, मादीफुलं नंतर. मादीफुलाच्या खाली जी चिमुकली झुकिनी दिसते, तो अंडाशय. हिचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी हवीच. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत ती फारशी येत नसेल तर सकाळी लवकर नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पुंकेसर मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवा. दोन्ही फुलं एकाच दिवशी उमलावीत म्हणून दोन-तीन झाडं तरी लावा. उरलेल्या नरफुलांची भजी करा, वाया काहीच जात नाही. फळ वीतभर झालं की काढा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, चाखून कडू लागलं तर अजिबात खाऊ नका.

जास्वंदाचं फूल फळ्यावर काढून आपण पुंकेसर, स्त्रीकेसर शिकवतो. तेही हवंच. पण एकलिंगी फूल म्हणजे काय, हे ज्याने सकाळी सात वाजता हातात धरून पाहिलं, त्याला पाठ करावं लागत नाही.

मग गुण कसे द्यायचे?

मी आता असे देतो. रोजच्या नोंदींना चार. चित्र आणि मोजमापाला दोन. स्वतःला पडलेल्या प्रश्नाला दोन. काय बिघडलं आणि का बिघडलं असेल, या उत्तराला दोन. फळाला शून्य! रोप मेलं तरी दहापैकी दहा मिळू शकतात.

काही सहकारी म्हणतात, "मुलं नोंदीसुद्धा खोट्या लिहितील." लिहितीलही. पण दोन प्रश्न विचारले की कळतं. ज्याने झाड पाहिलंय तो थांबत नाही, सांगतच सुटतो.

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. रोप सुकलं तर गुपचूप दुसरं आणून ठेवू नका. मुलाजवळ बसा आणि विचारा, "काय झालं असेल रे?" उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा.

आणि शिक्षकांनो, वही उघडल्याशिवाय गुण मांडू नका. एवढं जरी केलं, तरी एखाद्या गॅलरीतलं झाड वाचेल.