चांद्याचा परकोट चालण्यासाठी मोकळा करा

जटपुरा दरवाज्याच्या गर्दीत ऑटो अडकला की मी वर बघतो. सवयच लागली आहे. कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला सिंह आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. गोंडराजांचं हे चिन्ह. पावसाने आणि धुराने सिंहाचा चेहरा काळवंडला आहे, तरी आयाळीच्या रेघा अजून बोटाने मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. खाली हॉर्न वाजत असतात, शाळेची मुलं खांद्याला दप्तर लावून गाड्यांच्या मधून वाट काढत असतात. एवढ्या रेट्यात मान वर करायला सवड कुणाला मिळणार?

ताडोबाला जाणाऱ्या पर्यटकांना चंद्रपूर, म्हणजे आपला चांदा, हे वाटेवरचं जेवणाचं ठिकाण. आपणा चांदेकरांना परकोट म्हणजे घरामागची एक जुनी भिंत. दोघांचंही नुकसान होतं आहे. या परकोटाचं काय करावं, याबद्दल मला जे वाटतं ते इथे मुद्देवार मांडतो.

१. आधी परकोट म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण गावातच अनेकांना तो एकसलग ठाऊक नाही.

हा डोंगरी किल्ला नाही. सपाटीवरच्या अख्ख्या गावाला घातलेला दगडी तट आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि त्यांच्या मधल्या वस्तीभोवती ही भिंत. लांबी साधारण अकरा किलोमीटर सांगितली जाते. चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे माणसांच्या जाण्यायेण्याचे लहान दरवाजे: हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसान. शेवटच्या नावात तिचा उपयोग सांगितलेलाच आहे. गावाच्या शेवटच्या वाटेलासुद्धा तटात वेगळी जागा ठेवणारी ती माणसं होती.

पाया घातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाच्या काळात, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. काम पुरं व्हायला धुंड्या रामशाहाची कारकीर्द उजाडावी लागली. मधे कितीतरी पिढ्या दगड वाहत राहिल्या. झरपटेच्या पाण्याने राजाच्या अंगावरची व्याधी बरी झाली, मग शिकारीत एका सशाने उलट कुत्र्याचाच पाठलाग केला, आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्याने तट बांधला, ही गोष्ट चांद्यातल्या प्रत्येक आजीला येते. मला ती फार आवडते. ज्या गावाची सीमा एका धीट सशाने आखली, त्या गावाने स्वतःच्या तटाविषयी इतकं उदासीन असू नये.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि किल्लेदार गंगासिंग गाव राखताना पडला. म्हणजे हा तट नुसता मिरवायला बांधलेला नव्हता, त्याने वार झेलले आहेत.

२. परकोट स्वच्छ होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे.

मार्च २०१७ मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेने बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने परकोटाची सफाई हाती घेतली. रोज सकाळी तरुण मुलं कुऱ्हाडी, विळे, घमेली घेऊन यायची. बुरुजांवर माजलेली झुडपं तोडायची, तटाच्या पायाशी वर्षानुवर्षं फेकलेला कचरा उपसायची. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख झाला, तोवर दोनशे दिवस उलटून गेले होते. काम त्यानंतरही चालू राहिलं. ज्या बुरुजांचे जिने झाडीत गडप होते ते दिसू लागले, फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, माणसं चालू लागली. रविवारी लोकांना परकोट दाखवायचा उपक्रमही याच मुलांनी सुरू केला.

पण सफाई पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ती आयुष्यभर स्वयंसेवकांनीच करायची हे काही बरोबर नाही. जिथे रोज पन्नास माणसं चालतात तिथे कचऱ्याची पिशवी फेकताना हात जरा थबकतो. जिथे कुणीच फिरकत नाही तिथे आठ दिवसांत उकिरडा होतो. म्हणून परकोटाला पहारेकऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांची गरज जास्त आहे, असं माझं मत झालं आहे.

३. माझी मुख्य मागणी एकच: तटाच्या आतल्या अंगाने, पायथ्याशी, जिथे जिथे जागा सुटते तिथे जोडत जोडत पायवाट करा आणि तिच्या कडेने सावली धरा.

इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ‘परकोटावर बगीचा’ म्हटलं की डोळ्यापुढे इटलीतलं लुक्का येतं. त्या गावाभोवती चार किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा तट आहे. एकोणिसाव्या शतकात तो लोकांना फिरायला मोकळा केला गेला. आज तिथे तटाच्या माथ्यावर मोठमोठ्या वृक्षांच्या रांगा आहेत, माणसं सायकली चालवतात, म्हातारी मंडळी बाकांवर बसतात. पोलंडमधल्या क्राकूवने वेगळा मार्ग धरला. जुना तट बहुतेक पाडला, दरवाजा आणि थोडा भाग राखला, आणि जिथे भिंत आणि खंदक होता तिथे गावाभोवती बागेचा पट्टा केला. दोन्ही गावांत लोक त्या हिरव्या कड्यावरून रोज कामाला जातात.

यातलं चांद्याने काय घ्यावं आणि काय घेऊ नये? लुक्काचा तट तोफांच्या जमान्यातला, आत मातीची प्रचंड भर घातलेला, पायाशी तीस मीटर रुंद. त्याच्या माथ्यावर झाड रुजलं तरी मुळांना माती मिळते. आपला परकोट चुन्यात बांधलेली दगडी भिंत आहे, फांजीची रुंदी बेताचीच. तिच्यावर झाड लावणं म्हणजे तिच्या पोटात पाचर ठोकणं. पिंपळाचं बी पाखराच्या विष्ठेतून सांध्यात पडतं, पहिल्या वर्षी चार पानं दिसतात, पाचव्या वर्षी मूळ मनगटाएवढं होतं आणि दहाव्या वर्षी दगड जागचा हलतो. बगड खिडकीजवळ एका सांध्यात मी असं मूळ हाताने चाचपून पाहिलं आहे. दोन घडीव दगडांच्या मधे पूर्ण पंजा गेला. चुना केव्हाच निघून गेला होता, त्या जागी मूळ आणि मुंग्यांची माती.

म्हणून झाडं तटापासून अंतर राखून, जमिनीवर. तटावर फक्त माणसांची पावलं. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सगळ्यात कडक उन्हाळ्यांपैकी एक, पारा पंचेचाळीसच्या वर जाणं इथे नवलाचं नाही. सावलीचा सलग पट्टा ही इथे चैनीची गोष्ट नव्हे. कडुनिंब, करंज, आपट्यासारखी इथलीच झाडं लावा. शोभेची परदेशी झुडपं, रंगीत कारंजी, सिमेंटची हरणं-वाघ नकोत. रामाळा तलावाच्या बाजूने तट, पाणी आणि झाडी तिन्ही एकत्र येतात. पहिला तुकडा तिथेच करावा. लोकांनी एकदा तिथे चालून पाहिलं की पुढच्या तुकड्यासाठी तेच मागणी करतील.

४. डागडुजी चुन्यातच व्हावी.

तट ढासळतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि मधे भर, अशी अशा भिंतींची बांधणी असते. माथ्यावरचा चुना गेला की पावसाचं पाणी भरीत उतरतं, भर फुगते, बाहेरच्या दगडांना पोट सुटतं आणि एखाद्या श्रावणात तो भाग खाली येतो. वरवर सिमेंटने सांधे भरले की आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दगडच झिजू लागतो. जुने गवंडी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर घालून तो चुन्याच्या घाणीत मळत आणि मुरवत. ती विद्या अजून पूर्ण गेलेली नाही. चंद्रपुरातल्या आयटीआयमध्ये चुनाकामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करायला काय हरकत आहे? अकरा किलोमीटरच्या भिंतीला कायमची गवंडीकामाची गरज आहे, म्हणजे गावातल्या काही घरांना कायमची कमाई आहे.

५. तटालगतच्या घरांचा प्रश्न टाळून चालणार नाही.

परकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. जुन्या वास्तूंच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. एखाद्या एकट्या देवळाच्या बाबतीत हा नियम चार-दोन गल्ल्यांपुरता असतो. पण वास्तूच अकरा किलोमीटर लांब असेल तर? नुसती आतली बाजू धरली, तरी १०० मीटरचा पट्टा सुमारे ११० हेक्टर भरतो. जुना चांदा त्यात बराचसा येतो.

त्या पट्ट्यात माझ्या परिचयाचं एक कुटुंब आहे. मातीच्या भिंतींचं, कौलारू घर. तीन भावांचे संसार एका ओट्यावर आले आहेत. मागची भिंत पावसात बसली तेव्हा तिची दुरुस्ती करता येते का, कुणाकडे अर्ज करायचा, हेच त्यांना महिनोन्‌महिने कुणी धड सांगितलं नाही. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी ताडपत्री बांधून त्यांनी दोन पावसाळे काढले. त्या घरातली आई मला म्हणाली, “भाऊ, हा परकोट राजाने आमच्या रक्षणासाठी बांधला ना? मग आमच्यावरच का उलटला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही या वाक्याने मला लाज वाटते.

कायद्यात मनाईच्या पट्ट्यातसुद्धा जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी घेऊन वाट आहे. प्रत्येक वास्तूसाठी तिथली परिस्थिती पाहून स्वतंत्र उपविधी करायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तेव्हा तीन गोष्टी व्हाव्यात. तटापासूनची अंतरं दाखवणारा, सर्व्हे नंबरासह नकाशा महापालिकेत आणि प्रत्येक प्रभागात लावावा. दुरुस्तीचा अर्ज मराठीत, एकाच खिडकीवर घ्यावा आणि उत्तराची मुदत ठरवावी. चांद्याच्या परकोटाचे उपविधी इथल्या रहिवाशांना समोर बसवून तयार करावेत. मोकळ्या जागेवर नवं अतिक्रमण होत असेल तर ते खुशाल काढा, पण पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या कुशीत राहणाऱ्यांना गुन्हेगारासारखं वागवू नका. तेच रोज परकोट बघतात. दगड हलला तर पहिली बातमी तेच देतील.

६. जटपुऱ्याची कोंडी खरी आहे, पण तट फोडणं हा तिच्यावरचा इलाज नाही.

भिंत फोडून रस्ता रुंद करा, ही मागणी अधूनमधून होते. ती करणारी माणसं दुष्ट नाहीत, ती रोज त्या कोंडीत अडकतात. पण औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे पाहा. तिथला शहराचा तट बराचसा गेला, दरवाजे रस्त्याच्या मधोमध एकटे उभे राहिले. गाड्या अजूनही तिथे तशाच तुंबतात. मुंबईने कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, आणि आज तिथे ‘फोर्ट’ हे नाव तेवढं सांगायला उरलं आहे. जड वाहनं जुन्या गावाच्या बाहेरूनच वळवा, दरवाज्यातून एकाच दिशेची वाहतूक ठेवा, शाळा सुटायच्या वेळी दरवाजा पायी चालणाऱ्यांसाठी राखा. हे सगळं करून पाहा. केलेला फेरबदल चुकला तर परत बदलता येतो, पाडलेला तट परत येत नाही.

७. नावं लिहा, आणि गोंडीतही लिहा.

दरवाज्यांपाशी पाट्या हव्यात. गोंड राणी हिराईने पती बिरशाहासाठी बांधलेली समाधी अंचलेश्वराजवळ आहे. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून लाखो माणसं येतात, झरपटेत स्नान करतात आणि या तटाच्या सावलीत मुक्काम करतात. त्यांना ही समाधी कुणाची, हा तट कुणाचा, हे कोण सांगतं? इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच गावातल्या तुरुंगात फाशी झाली. ज्यांच्या पूर्वजांनी हे गाव वसवलं, त्यांच्या भाषेत इथे एकही ओळ नसावी हे मला पटत नाही. पाट्या मराठीत आणि गोंडीत, दोन्हीत असाव्यात.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, मला माहीत आहे. रामाळ्याच्या बाजूचा एक किलोमीटर मात्र एका वर्षात नक्की होऊ शकतो. महापालिका, पुरातत्त्व खातं आणि तटालगतचे रहिवासी यांनी एकदा एकत्र बसून तेवढा एक किलोमीटर ठरवावा.

आणि चांदेकरांनो, तोवर आपल्याला कुणाची वाट पाहायची गरज नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, बगड खिडकीपाशी या. लेकरांना घेऊन या, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही आणा, सशाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू. येताना पाण्याची बाटली आणि एक रिकामी पोतडी सोबत असू द्या.