राखीगढीच्या साक्षीचा उलटा अर्थ

हरियाणातील राखीगढी येथे पुरलेल्या एका हडप्पाकालीन स्त्रीच्या जनुकसंचाचा अभ्यास सप्टेंबर 2019मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे पहिले लेखक. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या स्त्रीत युरेशियाच्या स्टेप गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश सापडला नाही. तेवढ्यावरून, भारतात बाहेरून कोणी आलेच नाही आणि स्थलांतराचा सिद्धांत कायमचा निकालात निघाला, असे मोठ्या आवाजात सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. पुरावा याच्या नेमका उलट बोलतो. तो अंश आजच्या भारतीयांत आहे, काही समाजांत नाममात्र तर काहींत जवळजवळ तीस टक्के. जे हडप्पाच्या ऐन भरात नव्हते आणि आज आहे, ते मधल्या काळात आले, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. त्याच महिन्यात ‘सायन्स’मध्ये वागीश नरसिंहन आणि सहकाऱ्यांचा 523 नव्या प्राचीन जनुकसंचांवरचा अभ्यास आला. स्वात खोऱ्यातल्या नंतरच्या दफनांत हाच अंश स्पष्ट दिसतो, आणि तो दक्षिण आशियात शिरल्याचा काळ इ. स. पू. 2000 ते 1500 असा निघतो. राखीगढीची स्त्री स्थलांतराच्या विरोधात साक्ष देत नाही. ती त्याची कालमर्यादा ठरवून देते.

यावर पहिला आक्षेप असा की एका सांगाड्यावरून एवढ्या मोठ्या संस्कृतीबद्दल काय सांगायचे? आक्षेप रास्त आहे. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही. राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी एकच वाचता आला आणि तोही अपुरा. पण ही स्त्री एकटी नाही. तुर्कमेनिस्तानातील गोनूर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता या दोन स्थळांवर अशी अकरा माणसे सापडली आहेत, ज्यांची घडण शेजारी पुरलेल्या स्थानिकांशी जुळत नाही आणि या स्त्रीशी जुळते. दोन्ही स्थळांचा सिंधू संस्कृतीशी व्यापारी संबंध पुरातत्त्वाने आधीच दाखवला होता. त्यांच्यातही स्टेपचा अंश नाही. शिवाय एका माणसाच्या जनुकसंचात त्याच्या शेकडो पूर्वजांचे तुकडे असतात, म्हणून एक चांगला नमुनासुद्धा एका व्यक्तीपलीकडचे बोलतो. बारा माणसांवरून सगळ्या सिंधू खोऱ्याचे चित्र पूर्ण होत नाही हे खरेच. गुजरात, सिंध आणि पंजाबातली वस्ती कदाचित आणखी वेगवेगळी असेल. मात्र स्टेपचा अंश तेव्हा तिथे सर्रास होता असे म्हणायचे असेल, तर तो या बारांपैकी एकातही का नाही, याचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. दोन प्रदेशांत समान अंश आढळला, तर माणसे इकडून तिकडे गेली असे का मानू नये? कारण स्थलांतरित माणूस आपला एखादाच अंश घेऊन निघत नाही, सगळा वारसा बरोबर नेतो. सिंधू खोऱ्यातल्या लोकांत दक्षिण आशियाच्या प्राचीन शिकारी-संकलकांचा वाटा होता. स्टेपवासीयांचे पूर्वज इथून गेले असते, तर हा वाटा मध्य आशियातून व्होल्गाच्या काठापर्यंत मागे उरला असता. कांस्ययुगीन स्टेपच्या दफनांत तो मिळत नाही. दिशेचा प्रश्न इथे सुटतो, आणि तोही कोणाच्या मतावर अवलंबून न राहता.

आता मंडनाकडे. स्टेपचे लोक येण्यापूर्वी इथे कोण होते, हा प्रश्न मला त्या स्थलांतरापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वांत हट्टी गैरसमज तिथेच आहे. आधीचे लोक एकजिनसी, अस्सल, कशाचीही भेसळ नसलेले होते, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. एक बाजू त्यांना वैदिकांचे पूर्वज ठरवते, दुसरी त्यांना शुद्ध मूलनिवासी म्हणते. राखीगढीची स्त्री आणि ती अकरा माणसे या दोन्ही गृहीतांना छेद देतात. त्यांच्यात दोन प्रवाह मिसळलेले आहेत. एक या उपखंडात फार प्राचीन काळापासून राहणाऱ्या शिकारी-संकलकांचा, ज्यांचे अंदमानच्या ओंगी लोकांशी हजारो वर्षांपूर्वी तुटलेले दूरचे नाते आहे. त्यांचा वाटा कुणात दहाव्या हिश्श्याइतका, कुणात निम्म्यापर्यंत. दुसरा प्रवाह इराणच्या प्राचीन लोकांशी नाते असलेला. त्यावरून सिंधूची शेती इराणी शेतकऱ्यांनी आणली असे मानण्याचा मोह होतो, पण राखीगढीच्या अभ्यासाने तोही दूर केला: हा प्रवाह पश्चिम इराणच्या शाखेपासून शेती सुरू होण्याच्या आधीच, बारा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, वेगळा झाला होता. म्हणजे हडप्पा नगरे उभारणारी माणसे स्वतःच एका जुन्या संगमातून आलेली होती, आणि तो संगम नगरांच्या आधी कित्येक शतके सुरू होता.

नगरे ओसरल्यावर त्याच लोकांचे वंशज दक्षिणेकडे सरकून तिथल्या शिकारी-संकलकांत मिसळले, उत्तरेकडे स्टेपच्या लोकांत मिसळले. म्हणून सिंधूच्या लोकांचा वारसा आज उपखंडातल्या बहुतेक सर्व समाजांत आहे, दक्षिणेतल्या आदिवासी समाजांतही. महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873च्या ‘गुलामगिरी’त आर्यांच्या आक्रमणातून जातीच्या अन्यायाचा उगम दाखवला, टिळकांनी 1903मध्ये आर्यांचे घर थेट आर्क्टिकपर्यंत नेले, आणि आंबेडकरांनी 1946मध्ये शूद्रांवरील ग्रंथात आर्य नावाचा वंश ही कल्पनाच नाकारली. लोक बाहेरून आले का, या मुद्द्यावर आजचा पुरावा बाबासाहेबांच्या मताहून वेगळा आहे. पण वंशाबद्दलचे त्यांचे म्हणणे जनुकांनी अधिक भक्कम केले, कारण या कथेत शुद्ध वंश कुठल्याच टप्प्यावर भेटत नाही. फुल्यांनी दाखवलेला अन्याय खरा ठरायलाही आक्रमणाची गरज नाही. जातीची बंधने जनुकांतच उमटली आहेत. मिसळण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती आणि मग गटागटांत थांबली, हे 2013च्या अभ्यासाने दाखवले आहे.

हाडे भाषा सांगत नाहीत, ही मर्यादा मी मान्य करतो. स्टेपचा अंश काही पुरोहित गटांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो, यावरून इंडो-आर्य भाषा त्या लोकांबरोबर आल्या हे संभवनीय ठरते. हडप्पाची लिपी वाचली जाईपर्यंत तिथल्या भाषेबद्दल मात्र एवढेही सांगता येत नाही. खरी उणीव दुसरीकडे आहे. त्या शिकारी-संकलकांचा एकही अमिश्र प्राचीन जनुकसंच हाती नाही. त्यांचे चित्र नंतरच्या मिश्रणांतून गणिताने काढलेले आहे. गुजरातेतील लांघणज, गंगेच्या मैदानातील सराय नाहर राय यांसारख्या मध्याश्मयुगीन दफनांतून, किंवा बलुचिस्तानातील मेहरगढच्या पहिल्या शेतकऱ्यांकडून वाचता येईल असा डीएनए मिळाला, तर इराणशी नाते असलेला प्रवाह शेतीच्या आधी इथे होता की शेतीबरोबर आला, हे ठरेल. मेहरगढची शेती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एखाद्या सांगाड्याने हा प्रवाह सिंधूकाठी मागाहून आल्याचे दाखवले, तर वरचे मंडन तेवढ्यापुरते मला बदलावे लागेल. स्टेपचा अंश हडप्पाच्या काळानंतर आला, या निष्कर्षाला मात्र त्याने धक्का लागणार नाही.