मानधन की वेतन?

समुद्रपूर तालुक्यातील गिरड वा मांडगाव येथील ग्रामस्थास जन्मनोंदीचा दाखला किंवा घराचा नमुना ८ चा उतारा हवा असल्यास त्याची गाठ पडते ती ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाशी. जोडणी तुटली, यंत्र अडले, तरी पहिली धाव त्यानेच घ्यावयाची. शहरातील आस्थापनांत संगणकांचे जाळे सांभाळणाऱ्याचे वेतन अनुभव, प्रमाणपत्रे, जाळ्याचा विस्तार आणि जबाबदारी पाहून ठरते. खेड्यात मात्र ते ठरत आले कंत्राटावरून.

२०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून परिचालक नेमले गेले. २०१६ नंतर त्यांची केंद्रे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने चालू लागली. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने प्रत्येक केंद्रासाठी दरमहा १२,३३१ रुपये भरावयाचे आणि त्यांपैकी सुमारे ६,००० रुपये परिचालकाच्या हाती पडावयाचे, अशी ती व्यवस्था होती. वारंवार आंदोलने झाली, तेव्हा कोठे मानधन वाढले.

तथापि, खरी मेख ‘मानधन’ या शब्दातच आहे. तो वापरला की वेतनश्रेणी, वार्षिक वाढ, निवृत्तीची तरतूद यांचे उत्तरदायित्व टळते. दहा वर्षांचा अनुभवी आणि काल आलेला नवखा एकाच मापाने मोजले जातात. मग जाणता माणूस नागपूरची वाट धरील आणि गावचे दप्तर नवशिक्यावर पडेल, यात नवल ते काय? शासनाने ही पदे ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात घेऊन अनुभवानुसार वेतनश्रेणी द्यावी. कायमच्या कामाला तात्पुरता मोबदला हा न्याय नव्हे.