पैसे भरूनही फोन बंद

कॉल सेंटरचा फ्लोअर अचानक शांत झाला की संशय आधी लाइनवर जातो, मग नेटवर्कवर, मग बिचाऱ्या हेडसेटवर. लायसन्सकडे नजर वळते ती सगळ्यात शेवटी, कारण लायसन्स म्हणजे खरेदी विभागाच्या फायलीतला एक कागद, असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात टेलिफोनी सर्व्हरचे लायसन्स हा यंत्राचाच एक चालता भाग आहे. एजंट लॉगिन करू लागला की जागा शिल्लक आहे की नाही, हे आधी तपासले जाते. रेकॉर्डिंग, डायलर, आयव्हीआरच्या लाइन, सुपरवायझरचा स्क्रीन यांची मोजणी बहुधा वेगवेगळी होते. ही मोजणी असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. तिने हिशेब ठेवावा, जादा वापराचे बिल लावावे. पण एजंटला दारातून परत पाठवण्याचा अधिकार तिला असू नये, एवढेच म्हणणे आहे.

अवाया या टेलिफोनी कंपनीची यंत्रणा घेऊ. तिची लायसन्स फाइल वेबएलएम नावाच्या सर्व्हरवर बसते आणि त्या सर्व्हरच्या होस्ट आयडीला बांधलेली असते. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल, तर हा आयडी त्या मशीनचा यूयूआयडी आणि आयपी पत्ता यांवरून तयार होतो. आता शनिवार-रविवार साधून डेटा सेंटरचे स्थलांतर झाले, मशीन नव्या व्हीसेंटरवर गेले, आयपी बदलला. सोमवारी सगळे सुरळीत, सगळे खूश. फायलीत काडीचाही बदल झालेला नाही, पण होस्ट आयडी बदलल्यामुळे ती बाद ठरली आहे. हाताने दुरुस्त करायला जावे तर तिच्यावर डिजिटल सही असते, एक अक्षर हलले तरी ती नाकारली जाते. कंपनीच्या पोर्टलवरून नवी फाइल काढणे, हा एकच मार्ग उरतो.

कॉल जोडणारा मुख्य सर्व्हर अशा वेळी ३० दिवसांची सवलत देतो. ही सवलत उदार वाटते, आणि तपासाच्या कामात तीच सर्वांत जास्त घात करते. अलार्म वाजतो, पण तो जातो कुणीही न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये. महिनाभराने नवे एक्सटेन्शन जोडता येत नाही, स्किल बदलता येत नाही, तेव्हा धावपळ सुरू होते. आणि ‘काल काय बदलले?’ या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर मिळते, ‘काहीच नाही’. ते खरेही असते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये महिना गेलेला असतो. म्हणून अशा तक्रारीत लॉग चाळण्याआधी फायलीतला होस्ट आयडी आणि सर्व्हरचा आजचा होस्ट आयडी शेजारी ठेवून पाहावेत, मग घड्याळ बरोबर आहे का ते, मग लायसन्स सर्व्हरचा पोर्ट (अवायाच्या बाबतीत बहुधा ५२२३३) फायरवॉलच्या नव्या नियमात अडकला का ते. व्हेंडरकडे टिकीट टाकण्याची पाळी त्यानंतर.

दुसरी अडचण मोजण्याच्या रीतीतच आहे. समजा २०० एकाच वेळच्या लॉगिनचे लायसन्स घेतले, कारण खुर्च्या २०० होत्या. कार्यालयात एक उठला की दुसरा बसतो, तेव्हा हे गणित जमते. एजंट घरून काम करू लागले आणि खुर्च्यांचा नि लॉगिनचा संबंधच तुटला. रात्रीच्या शिफ्टचा शेवटचा कॉल लांबतो, सकाळच्या शिफ्टला वेळेवर हजेरी लावायची असते, आणि त्या अर्ध्या तासात दोन्ही शिफ्टची माणसे एकदम आत असतात. त्यात कुणाचे मशीन हँग होऊन मधेच बंद पडले असेल, तर त्याचे सत्र टाइमआउट होईपर्यंत एक जागा अडवून बसते. ज्याला ‘लायसन्स उपलब्ध नाही’ दिसते, त्या पोराची चूक काहीच नसते. त्याची वेळ मात्र कापली जाते. गंमत अशी की दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांवरची नोंदणीची अट काढली, जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल केले. सरकारचा परवाना सुटला, व्हेंडरचा मात्र तसाच राहिला.

कुलूप चुकले तर पैसे भरणाराच बाहेर राहतो, हे याआधी जगाने पाहिले आहे. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ मध्ये चुकून राहिलेली एक मुदत संपली आणि रीतसर ग्राहकांचीही बंद असलेली व्हर्च्युअल मशीन सुरू होईनात. तात्पुरता उपाय काय, तर घड्याळ मागे करा! टेलिफोनी सर्व्हरवर हा उपाय केला, तर रेकॉर्डिंगच्या वेळा आणि कॉलचा सगळा हिशेब खोटा ठरेल. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि ब्रिटनमधल्या ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट गेले, जपानमध्ये सॉफ्टबँकचीही सेवा कोलमडली. ते लायसन्स नव्हते, हे मान्य. पण तारखेला बांधलेली तपासणी सेवा कशी पाडते, ते त्यात दिसते.

व्हेंडर म्हणतील, कुलूप काढले तर चोरी होईल. चोरी होतेच, आणि छोटी नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने उघड केलेल्या प्रकरणात अवायाच्याच ग्राहकसेवेतल्या एका कर्मचाऱ्याने प्रशासकाचे अधिकार वापरून आयपी ऑफिस यंत्रणेच्या हजारो लायसन्स की तयार केल्या आणि त्या बाहेर विकल्या गेल्या. त्यांची बाजारातली किंमत ८.८ कोटी डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये शिक्षा झाल्या. या प्रकरणात ग्राहकाच्या सर्व्हरवरच्या कुलपाने काय साधले? किल्ल्या कंपनीच्याच टांकसाळीतून निघत होत्या, यंत्राच्या लेखी त्या खऱ्याच होत्या. होस्ट आयडीचा जाच सोसला तो स्थलांतर करणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाने.

शिवाय मध्यम मार्ग तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये स्मार्ट लायसन्सिंगखाली मर्यादा ओलांडली, तर ९० दिवसांची मुदत मिळते. त्यानंतर नवे फोन आणि वापरकर्ते जोडणे थांबते, चालू फोन बोलत राहतात. कॉल सेंटरसाठी हेही मला अपुरे वाटते, कारण तिथे नवी बॅच आणि नवे स्किल हे नित्याचे काम आहे. पण दिशा बरोबर आहे. मर्यादा कधी भरते, हेही पाहावे. वादळाच्या रात्री वीज कंपनीच्या केंद्रावर कॉलचा पूर येतो, जादा एजंट बसवावे लागतात, आणि मोजणी नेमकी तेव्हाच हद्दीला टेकते.

आयटीवाल्यांनी मुदतीची नोंदवही ठेवावी, हा आक्षेप रास्त आहे, ठेवावीच. क्लाउडवर गेलात की हा प्रश्न संपतो, हा मात्र रास्त नाही. तिथे फाइल जाते आणि मासिक वर्गणी येते. बिलाच्या वादात अडकलेले एक इन्व्हॉइसही सेवा तशीच बंद पाडू शकते. मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय खरा आहे. अ‍ॅस्टरिस्कला सीट मोजावी लागत नाही, पण तिथेही जी.७२९ कोडेकचे पैसे चॅनेलमागे मोजावे लागत, पेटंटची मुदत २०१७ च्या आरंभी सरेपर्यंत. आणि व्हेंडरच उरला नाही तर? नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचा एंटरप्राइझ व्यवसाय अवायाने घेतला. पुढे अवायालाच २०१७ आणि २०२३ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाची पायरी चढावी लागली. दोन्ही वेळा ती तगली.

म्हणून भांडायची जागा निविदा ही आहे, बंद पडल्यानंतरचे टिकीट नव्हे. व्हेंडर स्वतःहून हे देणार नाही, खरेदी आदेशावर सही होण्याआधी मात्र तो पुष्कळ काही देतो. मर्यादेपेक्षा ठरावीक टक्के जादा लॉगिन चालू द्यावेत आणि त्याचे बिल तिमाहीअखेर लावावे. आपत्तीसाठी राखलेल्या (डीआर) सर्व्हरचे लायसन्स मूळ किमतीतच असावे, आणि ड्रिलच्या दिवशी ते खरोखर लॉगिन देते का, हे तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटू नये. होस्ट आयडी बदलला तर नवी फाइल चोवीस तासांत, रविवारीसुद्धा, विनाशुल्क मिळावी. १०८ किंवा ११२ सारख्या सेवेच्या निविदेत आणखी एक अट हवी: लायसन्स सर्व्हर गप्प झाला तरी लॉगिन अडणार नाही, हे व्हेंडरने सर्व्हरची केबल काढून समक्ष दाखवावे.