पायी चालणाऱ्यांचे नगर

पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांचे नगर होय. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागाहून मोटारींचे कारखाने आले आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांस वस्ती पसरली. ज्या रस्त्याने हे नगर वाढविले, त्यानेच आज त्याचे दोन भाग केले आहेत. पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलास तो नदीसारखा वाटतो; आणि नदीस निदान उतार तरी असतो!

६ मार्च २०२२ रोजी येथे मेट्रो धावू लागली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु मुलांनो, गाडीत बसणारा मनुष्य स्थानकापर्यंत येतो तो बहुधा पायीच. पदपथावर दुचाकी उभ्या असल्या, म्हणजे त्याला भर रस्त्यात उतरावे लागते. मग तो म्हणतो, “यापेक्षा आपली मोटारसायकल बरी!” आणि रस्त्यावर आणखी एका वाहनाची भर पडते.

म्हणून स्थानकाभोवतीच्या दहा मिनिटांच्या वाटा आधी नीट कराव्यात, असे मला वाटते. पदपथ सलग असावा, त्यावर झाडांची सावली असावी, आणि म्हाताऱ्या माणसासही सावकाश रस्ता ओलांडता येईल इतका वेळ सिग्नलने द्यावा. पूल बांधून पादचाऱ्यास जिने चढावयास लावणे हा काही न्याय नव्हे. क्षणभर थांबावयाचे ते वाहनाने. त्याचे पाय दुखत नाहीत.