केकताड : बांधावरचा युक्काचा सगोत्र

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासह मराठवाड्यातील कोरडवाहू गावांना परिचित असलेले केकताड, म्हणजेच घायपात, हे मूळचे अमेरिका खंडातील असून तेथील युक्का या वाळवंटी वनस्पतीच्याच कुळातले आहे. पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडून ते कर्बवायू साठवते आणि दिवसा ती मिटून पाणी राखते. युक्काच्या बहुतेक जाती पुन्हापुन्हा फुलतात, केकताड मात्र अनेक वर्षांनी एकदाच उंच दांडा काढून फुलते व वाळून जाते. पाने कुजवून, झोडपून, धुऊन काढलेल्या पांढऱ्या वाखाचे दोर, कासरे व दावी मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या वळली. नायलॉनने त्यांचे काम हिरावले, म्हणूनच वनस्पतीइतकेच या कसबालाही अंकात स्थान देणे आम्हांला अगत्याचे वाटते. वाख काढण्याच्या गावोगावच्या रीतींच्या नोंदी वाचकांनी अवश्य पाठवाव्यात.