गोलरक्षकाचा हिशेब

भोपाळ हे हॉकीचे शहर. तेथील मुलांस गोलरक्षक म्हटला की पायांना जाड पॅड बांधलेला गडी आठवतो. फुटबॉलच्या गोलरक्षकाजवळ तसले चिलखत नसते. २४ फूट रुंद व ८ फूट उंच चौकट त्याने दोन हातांच्या भरवशावर राखावयाची! पुढच्या फळीतील गड्याने दहा संधी दवडून अकरावी साधली, तर लोक त्यास खांद्यावर घेतात. याने दहा चेंडू अडविले आणि अकरावा सुटला, तर दोष याच्याच माथी.

गोव्यातील ताळगावी १९५४ साली जन्मलेले ब्रह्मानंद संखवाळकर हे असेच एक गोलरक्षक. साळगावकर क्लबातर्फे ते वर्षानुवर्षे खेळले. पुढे भारतीय संघाचे कर्णधारही झाले. गोव्याने १९८४ साली संतोष करंडक जिंकला, तेव्हा त्यांनी ५७६ मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. तथापि अर्जुन पुरस्कार लाभला १९९७ साली, आणि पद्मश्री २०२२ साली. राखणाऱ्याची कदर बहुधा उशिराच होते. जे त्याने घडू दिले नाही, ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आमच्या घरांतही अशी राखणारी माणसे असतात. आजाऱ्याच्या उशाशी जागणारी आई, कर्ज वाढू न देणारा बाप, यांचे काम कोण मोजतो? चूक झाली की मात्र सर्वांस दिसते. वाचकहो, त्यांच्या एका चुकीवर बोट ठेवण्यापूर्वी अडविलेल्या चेंडूंचाही हिशेब मांडावा, एवढीच आमची विनंती.